गुरुवार वगळून

आमच्या विभागातला गुरुवारचा चहा बुधवारच्या पाण्याचा असायचा. गुरुवारी पाणी बंद हे पुणेकराला वेगळं सांगायला नको. निदान आमच्या भागात तरी वर्षानुवर्षं तसंच चाललं होतं. आणि भौतिकशास्त्राचा सेमिनार नेमका गुरुवारी, दुपारी साडेतीनला. इमारतीच्या पाण्याचं बघणारे लोंढेमामा बुधवारी संध्याकाळी जमिनीखालच्या टाकीतलं सगळं पाणी मोटारीने गच्चीवरच्या टाकीत चढवून टाकत, चहासाठी दोन पिंपं भरून झाकून ठेवत, आणि गुरुवारी दिवसभर मोकळे असत. हे विभागात सगळ्यांना माहीत होतं. सेमिनार चालवणाऱ्या खोब्रागडे मॅडमनाही माहीत होतं.

मॅडम निवृत्त होऊन नागपूरला गेल्या आणि गेल्या उन्हाळ्यात तिथूनही गेल्या. बातमी मोबाइलवर आली तेव्हा मी मंडईत मेथी निवडून घेत होते. जुडी हातात तशीच राहिली. भाजीवाली म्हणाली, "अहो ताई, घ्यायचीय की नुसतीच धरून ठेवायचीय?" मी म्हटलं, घ्यायचीय. घरी आले आणि ती मेथी दोन दिवस तशीच पडून सुकली.

मी करडे. त्या विभागाच्या ऑफिसात एकोणीस वर्षं काढली. विद्यापीठाचं नाव सांगत नाही. पुण्यात विद्यापीठं आता काही कमी नाहीत, कुठलंही धरा. माझं शिक्षण बी.कॉम., माहेर कसब्यातल्या तांबट आळीतलं. भौतिकशास्त्राशी माझा संबंध एवढाच की त्यांच्या रजेचे अर्ज माझ्याकडे यायचे. पण सेमिनारची सूचना टाइप करून फलकावर लावणं हे कामही माझ्याच गळ्यात आलं, आणि त्या कामातूनच मॅडम मला मिळाल्या.

पहिल्याच सूचनेला त्यांनी मला परत पाठवलं. मी आपली रीतसर वक्त्याचं नाव, विषय, वेळ, स्थळ लिहून नेलं होतं. त्यांनी कागद वाचला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "एक ओळ राहिली ना?"

"कुठली हो?"

"अजून माहीत नसलेलं."

मला वाटलं, बाई माझी फिरकी घेताहेत. पण नाही. त्यांच्या सेमिनारचा तो नियमच होता. विषयाच्या खाली 'अजून माहीत नसलेलं' अशी एक ओळ, आणि तिच्यासमोर वक्त्याने स्वतः लिहून द्यायचं, की या विषयातलं आपल्याला नेमकं काय कळलेलं नाही. ओळख करून देतानाही त्या पदव्या, पारितोषिकं वगैरे काही वाचायच्या नाहीत. उभ्या राहायच्या, "यांना काय माहीत नाही ते ऐकायला आपण जमलो आहोत," म्हणायच्या आणि खाली बसायच्या. बाहेरगावच्या पाहुण्यांचे चेहरे त्या क्षणी बघण्यासारखे होत.

एकदा एक फार मोठे गृहस्थ यायचे होते. विमानाचं तिकीट, गेस्ट हाउस, सगळं झालं. त्यांच्याकडून ती ओळ काही येईना. मी तीन वेळा फोन केला, तेव्हा म्हणाले, "तिथे निरंक लिहा." मी मॅडमना तसं सांगितलं. त्या विचारात पडल्या आणि म्हणाल्या, "मग त्यांना बोलावून काय करायचं? सगळं माहीत असलेल्या माणसाला दीड तास कशाला उभं करायचं? बिचारे थकतील." गृहस्थांना तसं कळवलं गेलं, अर्थात जरा गोड भाषेत, गोड भाषा माझी. तासाभरात त्यांच्याकडून पान भरून माहीत नसलेल्या गोष्टी आल्या.

मॅडम दिसायला कशा होत्या हे मला नीट सांगताच येणार नाही, कारण त्यांच्याकडे लक्ष जाण्याआधी त्या येऊन गेलेल्या असत. पायांत मऊ तळव्याचे कापडी बूट. चालताना आवाज नाही, दार लावताना आवाज नाही, खुर्ची ओढायची झाली तर उचलून ठेवणार. मी हातोड्यांच्या ठोक्यांत वाढलेली. आमच्या आळीत दिवसभर तांब्याची भांडी ठोकली जात, आणि मला वाटायचं जग असंच असतं. माझा आवाजही त्यामुळे जरा चढाच. मॅडमच्या खोलीत शिरलं की मीसुद्धा कुजबुजायला लागायची. त्यांच्या खिशात कागदाच्या पुडीत फुटाणे असत. कुणी काही विचारलं की आधी चार फुटाणे त्याच्या हातावर ठेवायच्या आणि मग उत्तर द्यायच्या. तेवढ्यात निम्म्या लोकांना आपलं उत्तर आपणच सुचायचं.

बोलायच्या शुद्ध पुणेरी, पण मन हललं की नागपूर वर यायचं. सेमिनारमध्ये सगळ्यांचे प्रश्न संपले की त्या एकच शब्द विचारायच्या: "काहून?" म्हणजे का. एवढंच. भलेभले वक्ते त्या 'काहून'ला घाम पुसायचे. मला तर तो शब्द इतका आवडायला लागला की घरी नवऱ्याला उशीर झाला की मीही दारात उभी राहून विचारायची, "काहून?" तो बापडा जास्तच घाबरायचा.

दुसरा नियम मागच्या रांगेचा. व्याख्यान संपलं की पहिला प्रश्न शेवटच्या रांगेतून यायला हवा. तोपर्यंत पुढे बसलेल्या एकाही प्राध्यापकाने तोंड उघडायचं नाही आणि तोपर्यंत चहाही नाही. कधी कधी दहा-दहा मिनिटं शांतता. उन्हं तिरपी होऊन खिडकीतून आत आलेली, प्रोजेक्टरच्या झोतात धूळ तरंगतेय, बाहेर साळुंक्यांचा कलकलाट, आणि साठ माणसं चहाच्या वासात गप्प बसलेली. मी दाराशी खुर्ची टाकून बसायची. त्या शांततेत मला डुलकी लागायची आणि डुलकीत ऐकलेलं सगळं खरं वाटायचं. तारे म्हातारे होतात म्हणे, आणि काही नुसतेच निवत जातात. मला वाटायचं, छान आहे, निवत जावं माणसाने.

या नियमामागची गोष्ट त्यांनी मला एकदा पाकिटं चिकटवता चिकटवता सांगितली. त्या शिकायला पुण्यात आल्या तेव्हा त्यांच्या घरातून एवढं शिकणारं कुणीच झालेलं नव्हतं. वडील नागपूरला गिरणीत. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा वडील लहान होते. पोरांनी शिकायचं, एवढा एकच हट्ट घराने पुढे चालवला. इथल्या वर्गात त्या मागच्या रांगेत बसायच्या. पुढची मुलं घडाघडा इंग्रजीत प्रश्न विचारायची, आणि मग चहा यायचा.

"एक प्रश्न माझ्या घशात दोन वर्षं होता, करडेबाई. शेवटी माझं मलाच कळलं की तो प्रश्नच चुकीचा होता."

"मग बरं झालं की नाही विचारलात!" मी म्हटलं.

"काहून? विचारला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. दोन वर्षं लागली ना बाप्पा."

मी पुढचं पाकीट चिकटवायला घेतलं.

शनिवारची व्याख्यानं वेगळी. ती गावासाठी, सगळ्यांना खुली. तिथे पुणं आपल्या खऱ्या रूपात यायचं. निवृत्त मंडळी अर्धा तास आधी येऊन पंख्याखालच्या खुर्च्यांवर पिशव्या ठेवायची. एक बाई दर शनिवारी मेथी आणायच्या आणि दिवे मालवले की अंधारात ती निवडत बसायच्या. कृष्णविवर असो नाहीतर अणूचं पोट, हॉलभर हिरवा ओला वास. कुणीतरी तक्रार केली तेव्हा मॅडम म्हणाल्या, "हात कामात असले की कान मोकळे राहतात. राहू द्या." प्रश्नांच्या वेळी एक काका उभे राहायचे आणि सुरू व्हायचे, "मला प्रश्न नाही, मला थोडं मांडायचं आहे." मॅडम हात जोडून म्हणायच्या, "मांडा ना. पुढच्या शनिवारी मांडा, करडेबाई सूचना लावतील. फक्त आपल्याला काय माहीत नाही ते आज लिहून द्या." काका खाली बसायचे. पण पुढच्या शनिवारी पुन्हा हजर.

आता तळघराबद्दल सांगते.

इमारतीच्या तळघरात मॅडमची एक खोली होती. खिडकी नाही, जाड भिंती, आत गारवा. तिथे काचेच्या पेटीत केसाहून बारीक तार टांगलेली. तारेला आडवी दांडी, दांडीच्या टोकांना दोन गोळे, मधोमध नखाएवढा आरसा. आरशावर प्रकाश सोडला की समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पडायचा. दांडी इतकुशी वळली की ठिपका सरकायचा. जगातली प्रत्येक वस्तू दुसऱ्या वस्तूला आपल्याकडे ओढते, हे आपण शाळेत शिकतो आणि विसरतो. ती दांडी विसरत नव्हती.

मला पहिल्यांदा आत नेलं तेव्हा त्यांनी स्टुलावर बसवलं आणि ठिपक्याकडे बघायला सांगितलं. ठिपका जरा डावीकडे, जरा उजवीकडे, झोपेतल्या माणसाच्या छातीसारखा हलत होता. "तुम्ही आलात हे तिला कळलं," त्या कुजबुजल्या.

"माझं वजन वाढलंय, ते हिलाही कळलं का?"

त्या हसल्या. मग पुष्कळ वेळ आम्ही दोघी नुसत्या बसून राहिलो. वर आले तेव्हा साडेपाच वाजून गेले होते आणि ऑफिसला कुलूप. माझी पर्स आत.

अकरा वर्षं त्या ठिपक्याच्या मागे होत्या. एक कॅमेरा दिवसरात्र त्याची जागा टिपायचा आणि मॅडम त्या आकड्यांतून एकेक गोष्ट वजा करत जायच्या. चंद्राची ओढ वजा, सूर्याची वजा, उन्हाने तापणाऱ्या भिंती वजा, लिफ्ट वजा, माणसांची ये-जा वजा. एवढं करून शेवटी काहीतरी उरायचं. रोज सकाळी ठिपका डावीकडे सरकायचा आणि संध्याकाळपर्यंत परत यायचा, आणि त्याचं कारण सापडत नव्हतं. त्या त्याला 'उरलेलं' म्हणायच्या. "आज उरलेलं फार स्वच्छ आलंय," असं सांगताना त्यांचा चेहरा माहेरचं पत्र आल्यासारखा व्हायचा. ते खरंच निसर्गातलं काही नवीन असेल, तर जगाला सांगण्यासारखं होतं. बाकी त्यांच्या नावावर मोठं असं काही नव्हतं. इतरांची व्याख्यानं लावण्यात आणि मुलांचे प्रबंध वाचण्यात उमर गेली. स्वतः त्या व्यासपीठावर कधी बोलल्याच नाहीत. 'उरलेलं' तेवढं त्यांचं स्वतःचं होतं.

निवृत्तीला तीन महिने राहिले तेव्हा लेख लिहून तयार झाला. पाठवण्याआधी गुरुवारच्या सेमिनारमध्ये तो मांडायचा असं ठरलं. मला येऊन म्हणाल्या, "मराठीत बोलणार आहे. सगळ्यांना बोलवा. ऑफिस, वर्कशॉप, लायब्ररी, सगळ्यांना. निरोपाचं समजा." मी सूचना केली. 'अजून माहीत नसलेलं' या ओळीपुढे त्यांनी लिहिलं होतं: 'उरलेलं कशामुळे आहे.'

हॉल गच्च भरला. मॅडमनी निळी साडी नेसली होती, खाली तेच कापडी बूट. मागच्या रांगेत लोंढेमामा बसले होते. ते दर गुरुवारी तिथेच असायचे. गुरुवारी पाणी नाही म्हणजे त्यांना काम नाही. हॉलमध्ये पंखा आणि शेवटी चहा. मूळचे लोणी काळभोरचे, मोठ्या मिशांचे, निवृत्तीला आलेले. इंग्रजी व्याख्यानांत ते डोळे मिटून बसत आणि पहिला प्रश्न विचारण्यासाठी माइक आला की हात जोडून पुढे सरकवत. इतक्या वर्षांत त्यांनी एक शब्द विचारला नव्हता. त्या दिवशी मात्र त्यांचे डोळे उघडे होते, कारण पहिल्यांदाच सगळं त्यांना कळत होतं.

मॅडम काय सुंदर बोलल्या! त्यांच्या त्या हळू आवाजाला साठ-सत्तर माणसं पुढे झुकून ऐकत होती. शेवटी पडद्यावर आलेख आला. अकरा वर्षांची सरासरी, एकच लाटेसारखी रेघ: सकाळी चढणारी, संध्याकाळी उतरणारी. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'गुरुवार वगळून'. टाळ्या झाल्या. माझे तर डोळेच भरून आले. मग नियमाप्रमाणे शांतता.

लोंढेमामांनी हात वर केला. माइक त्यांच्याकडे गेला. ते उभे राहिले, टोपी काढून हातात घेतली.

"मॅडम, एक इचारू का? त्यो गुरुवार का ओ वगळला?"

पुढून कुणीतरी खुदकन हसलं. मॅडम म्हणाल्या, "गुरुवारी सेमिनार असतो ना मामा. एवढी माणसं जिन्यावरून येतात-जातात, खुर्च्या हलतात. आकडे बिघडतात. म्हणून गुरुवार आम्ही मोजत नाही."

"मोजत न्हाय, का मोजून टाकून देता?"

"मोजतो. पण घेत नाही."

"मंग गुरुवारी काय दिसतंय त्ये दावा की."

विभागप्रमुख उठले. "लोंढे, तुम्ही जरा चहाचं बघा. आपण पुढचा प्रश्न..."

"थांबा सर," मॅडम म्हणाल्या. "पहिला प्रश्न मागच्या रांगेचा आहे. अजून संपला नाही."

त्या लॅपटॉपकडे वळल्या. गुरुवार शोधायला वेळ लागला, ते कुठल्यातरी आतल्या फोल्डरमध्ये होते. एक गुरुवार पडद्यावर आला. खुर्च्यांची, माणसांची थोडी थरथर होती, पण रेघ सरळ होती. सकाळी चढ नाही, संध्याकाळी उतार नाही. दुसरा गुरुवार तसाच. तिसरा तसाच. त्या एकेक उघडत गेल्या, पन्नासएक उघडले असतील. सगळे सरळ. हॉलमध्ये आता कुणी हसत नव्हतं.

"काहून?" मॅडम पडद्याकडे बघत म्हणाल्या. या वेळी तो शब्द त्यांनी स्वतःलाच विचारला होता.

"गुरुवारी खालची टाकी रिकामी आसती," लोंढेमामा म्हणाले. "म्हून इचारलं. बाकीच्या दिशी सकाळच्याला भरती, सांजच्याला पार तळाला जाती. तुमची रेघ बी तशीच हाय."

"पण टाकी तर पलीकडे आहे. मोटारीपाशी."

"मोटार पल्याड हाय. टाकी खालनं ठेट तळघराच्या भिंतीला टेकलीया. दर साली म्या सोता आत उतरून धुतो की."

मॅडमनी इमारतीचा नकाशा पाहून हिशेब केला होता. नकाशात टाकी लांब होती आणि लहान होती. बांधणाऱ्यांनी ती नंतर वाढवली, ते कागदावर कुणी आणलं नाही. विभागात भौतिकशास्त्राचे एवढे डॉक्टर, पण एकानेही टाकीचं झाकण उघडून आत डोकावलं नव्हतं. आणि सेमिनारला इतकी वर्षं सगळे बुधवारच्या पाण्याचा चहा पीत होते.

चहा त्या दिवशीही झाला. कुणाला गेला नाही.

मला लोंढेमामांचा भयंकर राग आला. दुसऱ्या दिवशी मी त्यांना मोटारीच्या खोलीत गाठलं आणि चांगलं फैलावर घेतलं. "इतकी वर्षं गप्प होतात ना? अजून तीन महिने गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं तुमचं? बाईंच्या आयुष्याचं काम होतं ते!"

मामा खाली बघत म्हणाले, "मला काय ठावं बाई? त्याच म्हनत्यात न्हवं, इचारा म्हून." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला माझीच लाज वाटली, पण राग काही लगेच गेला नाही.

मॅडमनी लेख पाठवला नाही. पुढच्या गुरुवारी दुपारी टँकर मागवा, म्हणाल्या. मंजुरीच्या अर्जात कारण लिहावं लागतं. मी 'पिण्यासाठी' लिहिणार होते, पण त्या म्हणाल्या खरं लिहा, म्हणून 'गुरुत्वाकर्षण' लिहिलं. मुख्य इमारतीतून फोन आला, हे कुठल्या खात्याचं हो? मी म्हटलं, सगळ्यांचंच.

टँकर बरोबर बाराला आला. आम्ही सातआठ जण तळघरात भिंतीला टेकून बसलो होतो, दिवे मालवून. मॅडम स्टुलावर, हातात पेन्सिल. बाहेरून मामांचा फोन आला, "सोडू का पानी?"

"सोडा."

आधी काहीच झालं नाही. ठिपका आपल्या जागी झुलत होता. मला मनातून वाटत होतं, नको रे हलूस, जागचा हलू नकोस. भिंतीपलीकडे, इतक्या जाड भिंतीपलीकडे, पाणी पडत होतं. त्याचा आवाजसुद्धा येत नव्हता. आणि मग ठिपका निघाला. इतका सावकाश, की आधी वाटलं आपलीच नजर सरकतेय. एक बोट. दोन बोटं. त्या अंधारात तो लाल ठिपका पाण्याकडे चालला होता. सकाळ झाली की रोज तो असाच जायचा. अकरा वर्षं.

तो थांबला तिथे मॅडमनी भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली. "बाप्पा," त्या म्हणाल्या, "किती सुंदर आहे!"

मग पेन्सिल खाली ठेवली आणि तोंडावर पदर घेऊन रडल्या. आवाज न करता. मी जाऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बाकीचे एकेक करून वर गेले. पुष्कळ वेळाने त्या म्हणाल्या, "अकरा वर्षं मी टाकीतलं पाणी मोजत होते, करडेबाई. विचारलं असतं तर दोन मिनिटं."

दहा दिवस त्या आल्या नाहीत. सेमिनारही त्यांच्याशिवाय झाला, आणि मागची रांग रिकामी होती. लोंढेमामांनी यायचं सोडलं होतं. पहिला प्रश्न येईना. प्रमुखांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "चला, आज पुढून सुरू करू." मला इतकं वाईट वाटलं की मी उठून बाहेर गेले.

त्यानंतरच्या गुरुवारी मॅडम आल्या. साडेतीन वाजले, वक्ता उभा राहिला, आणि मॅडम हॉलमधून बाहेर पडल्या. पाच मिनिटांनी परत आल्या तेव्हा मागे लोंढेमामा होते, टोपी मुठीत चुरगाळत. मॅडमनी त्यांना मागच्या रांगेत बसवलं आणि स्वतः त्यांच्या शेजारी बसल्या. पुडीतले फुटाणे त्यांच्या हातावर ठेवले. "करा सुरू," म्हणाल्या.

शनिवारचं व्याख्यान मग त्यांनी स्वतःच दिलं, गावासाठी. ओळख करून द्यायला मला उभं केलं. सूचनेवरची त्यांची ओळ मी मोठ्याने वाचली. अजून माहीत नसलेलं: 'आणखी काय काय वगळलं आहे.' मेथीवाल्या बाईंचे हात त्या दिवशी थांबले होते. आपली चूक सांगायला एवढा मोठा हॉल भरवणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. पडद्यावर एका बाजूला सगळे दिवस आणि दुसऱ्या बाजूला गुरुवार. शेवटी ते मांडणारे काका उभे राहिले. मी मनात म्हटलं, झालं आता. पण ते एवढंच म्हणाले, "मला काही मांडायचं नाही," आणि टाळ्या वाजवायला लागले.

मॅडम पुणं सोडून जायच्या दिवशी, एका शुक्रवारी, मी ऑफिसला लवकर आले होते. त्यांच्यासाठी आमच्या आळीतला छोटा तांब्या आणला होता, भावाने ठोकलेला. त्या खोलीत नव्हत्या. तळघराचं दार उघडं दिसलं म्हणून जिना उतरले. आत अंधार होता, आणि त्या स्टुलावर बसल्या होत्या, सामानाची पिशवी पायाशी. भिंतीवर आता पेन्सिलीच्या दोन रेघा होत्या. एकीवर मामांच्या वाकड्या अक्षरात 'रिकामी' आणि दुसरीवर 'भरली'. मामांनी झाकण उघडून बघायचं केव्हाच सोडलं होतं. गुडघे दुखतात, वाकवत नाही. ते खाली येऊन ठिपका बघून जायचे आणि मोटार लावायचे.

मी हाक मारणार होते, पण राहिले. ठिपका 'रिकामी'वर झुलत होता. मॅडम त्याच्याकडे बघत होत्या, ओठांवर जरासं हसू. कितीतरी वेळ गेला. मग ठिपका त्या रेघेपासून किंचित सुटला.

वरून, जिन्याच्या तोंडाशी, मामांचा आवाज आला. "मॅडम, आलं का ओ?"

"आलं, मामा," त्या म्हणाल्या. "आत्ता आलं."